ताईचं ताट आणि भाच्याचा ढेकर

ताईच्या ताटातून सगळ्यात आधी लाखोरीच्या डाळीचं वरण गेलं. मग वांगं गेलं, मग अंबाडीची भाजी, मग फुलकोबी. तुरीचं वरण काही दिवस टिकलं, शेवटी तेही गेलं. तिच्या बाळाच्या पोटात रात्री गॅस धरायचा, ते पाय पोटाशी घेऊन रडायचं, आणि सकाळी आमच्या घरात एकच प्रश्न विचारला जायचा: काल हिनं काय खाल्लं? जे सापडेल ते त्या दिवसापासून बंद.

हे ठरवायची आमची मोठी माय, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिचं घर आमच्या घराला लागूनच आहे, मधे काट्यांचं कुंपण आणि त्यात एक माणूस वाकून जाईल एवढी फट. तिनं सहा लेकरं वाढवलीत. गावातल्या कितीतरी बाळंतिणींना तिनंच न्हाऊ-माखू घातलं आहे. त्यामुळे ताई पहिल्या बाळंतपणासाठी केशोरीच्या सासरहून आमच्याकडे आली, तेव्हा बाळ आणि बाळंतीण दोन्ही मोठ्या मायच्या ताब्यात गेली. माझी आई तिच्यापुढे बोलत नाही. बाबा बोलतात, पण कोणी ऐकत नाही.

आमचं गाव दवनीवाड्याजवळ आहे आणि मी गोंदियाच्या कॉलेजात बीएस्सी करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. म्हणून काही कामं न सांगता माझ्याकडे येतात. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलं आहे ते वाचायचं, बँकेचा मेसेज समजावून सांगायचा, पाहुणे आले की बाबांनी विचारलेल्या प्रश्नाला थोडं मोठ्यानं उत्तर द्यायचं. भाचा पहिल्यांदा असा रडला त्या रात्रीही बाबांनी माझ्याकडेच पाहिलं.

"तू सायन्सवाला ना? पाय मंग, का होऊन राहिलं त्याले."

मला पोटाबद्दल जे शिकवलं होतं ते पुस्तकातल्या बेडकाच्या पोटाबद्दल होतं. हे बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. मी बाळ हातात घेतलं आणि खोलीभर चालत राहिलो.

बाळाला दवाखान्यात दाखवून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, वजन छान वाढतंय, आजार काही नाही, या वयात पोटात गॅस धरतो, हळूहळू कमी होईल. आरोग्य केंद्राकडून घरी येणाऱ्या आशाताईंनीही तेच सांगितलं. बाळंतिणीला सगळं खाऊ द्या, असंही त्या म्हणाल्या. मोठी माय त्यांच्यासमोर मान हलवत होती. त्या फाटकाबाहेर गेल्यावर म्हणाली, "तिले दोन पोरं. मले सहा." झालं, विषय संपला.

मोठ्या मायचा आणखी एक कडक नियम होता. बाळ मान धरेपर्यंत त्याला कोणी उभं धरायचं नाही. आडवंच घ्यायचं, आडवंच पाजायचं, आडवंच निजवायचं. ताईही बाजेवर कुशीवर पडूनच पाजायची. हा नियम आमच्याकडे सगळेच पाळतात, त्यामुळे त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मलाही वाटलं नाही.

ते दिवस धानकापणीचे होते. आई-बाबा पहाटे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे, जेवता जेवताच त्यांचे डोळे मिटायचे. त्यामुळे रात्रीचं बाळ आपोआप माझ्याकडे आलं. ताई पाजायची, मी फिरवायचो. मोठी माय झोपायला जाण्याआधी सगळी तयारी करून जायची: हिंग पाण्यात उगाळून बेंबीभोवती लावायचा, ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहायचा आणि मग बाळाच्या पोटाला. कधी मीठ-मिरची ओवाळून नजरही काढायची. बाबांना हे अजिबात पटत नाही. ते बुद्धविहारात जाणारे, तिथं वाचली जाणारी पुस्तकं ऐकणारे. नजर काढायला सुरुवात झाली की ते उठून अंगणात जाऊन बसायचे. पण सगळं आटोपल्यावर दारातून हळूच विचारायचे, काही फरक पडला का म्हणून.

मी मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ पाहून बाळाचे पाय सायकलसारखे फिरवायला शिकलो. सुरुवातीला त्या पायांना हात लावायची भीती वाटायची. माझ्या अंगठ्याएवढी ती पावलं. हळूच एक पाय पोटाशी, मग दुसरा, मग दोन्ही. बाळ लालबुंद होऊन माझ्याकडे असं पाहायचं, जणू काही मीच त्याच्या पोटात जाऊन बसलो आहे. आणि कधीतरी, बराच वेळ गेल्यावर, त्याच्या एवढ्याशा अंगातून एवढा मोठा आवाज यायचा की मी दचकायचो. अंधारात दुसऱ्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा.

"सुटला का?"

"सुटला," मी म्हणायचो.

मग आईचा सुस्कारा ऐकू यायचा, बाज करकरायची, आणि सगळं घर कूस बदलून झोपायचं. मला परीक्षेत पास झाल्यावरसुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं. ताई पांघरुणात तोंड लपवून हसायची. म्हणायची, एका पोराच्या पादण्याची वाट पाहत एवढं घर जागं राहते, याला मोठेपणी सांगितलं तर लाजून मरेल.

पण हे रोज व्हायचं नाही. बऱ्याच रात्री त्यातून काहीच निघायचं नाही, बाळ रडून रडून थकायचं आणि सकाळी ताईच्या ताटातलं आणखी काहीतरी जायचं. शेवटी तिला भात, तूप, सुंठ घातलेला काढा आणि मेथीचे लाडू एवढंच उरलं. लाडू ती पहिल्यापासून नाक मुरडून खाते.

ताईला भूक लागायची. खूप लागायची. हे मला आधी कळलं नव्हतं, कारण ती तक्रार करत नव्हती. आम्ही बाहेरच्या खोलीत झिंगे घातलेलं वांगं खायचो, त्याचा वास तिच्या बाजेपर्यंत जायचा, आणि ती तुपातला भात कालवत बसायची. एका रात्री बाळ माझ्या हातावर कुरकुरत होतं, तेव्हा तिनं विचारलं, तू आज कॉलेजात काय खाल्लंस? मी म्हटलं, आलूबोंडा. ती म्हणाली, कसा होता? मी म्हटलं, नेहमीसारखा. तर ती चिडली. म्हणाली, नीट सांग ना. मग मी सांगितलं. गरम होता, वरचं बेसन कडक होतं, आत आलं जास्त होतं, वरून चिंचेची चटणी आणि तळलेली मिरची. ती डोळे मिटून ऐकत होती.

"अजून सांग," ती म्हणाली.

माझ्याकडे अजून सांगण्यासारखं काही नव्हतं. आलूबोंड्याबद्दल माणूस सांगून सांगून किती सांगणार? मी म्हटलं, उद्या एक घेऊन येतो. ती पटकन उठून बसली. मग दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, एक कायले, दोन आण.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या गाडीवरून दोन आलूबोंडे घेतले आणि प्रयोगशाळेच्या एप्रनमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवले. बसमध्ये वास सुटला होता. बाजूच्या काकांनी दोनदा माझ्या पिशवीकडे पाहिलं. घरी आलो तेव्हा मोठी माय आमच्याकडेच होती. तिनं नाक वर केलं आणि तेलाचा वास कायचा येऊन राहिला म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत आईनंच सांगितलं की दिव्यात तेल घातलं. आईला खरंच तसं वाटलं की तिनं मला वाचवलं, हे मला आजही ठाऊक नाही.

सगळे झोपल्यावर ताईनं बाळाला पाजलं आणि माझ्याकडे दिलं. मग ती पाठ करून बसली आणि कागद उघडला. मला दाराशी पहारा द्यायचा होता. कुंपणाच्या फटीतून मोठी माय केव्हाही येऊ शकत होती, रात्री बाळाचा आवाज आला की ती येतेच. दाराच्या कडीला एक हात लावून उभं राहायचं म्हणजे बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरता येईना. मी त्याला खांद्यावर घेतलं. घेताक्षणी मोठ्या मायचा नियम आठवला. मी तळहात त्याच्या मानेमागे आणि डोक्यामागे घट्ट ठेवला, हलायचंसुद्धा टाळलं. त्याची कोवळी हनुवटी माझ्या खांद्याच्या हाडावर टेकली होती. मागे ताई खाण्याचा आवाज येऊ नये म्हणून हळूहळू चावत होती, आणि तरी येत होता.

आणि मग माझ्या कानाशी बाळानं ढेकर दिला. तान्ह्या बाळाचा वाटावा असा तो नव्हताच. लग्नाच्या पंगतीतून उठलेला माणूस देतो तसा. ताईचं चावणं थांबलं.

"तू दिलास का?" तिनं विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. थोड्या वेळानं आणखी एक आला, त्याच्याबरोबर माझ्या शर्टावर कोमट दूध आलं, आणि बाळ माझ्या खांद्यावरच झोपून गेलं. ते पहाटेपर्यंत झोपलं. सकाळी बाबांनी आईला विचारलं, रात्री सुटला की नाही ते मला ऐकूच आलं नाही, सगळं ठीक ना?

आता आम्ही दोघांनी काय समजावं? ताई म्हणाली, तुझ्या भाच्याला आलूबोंडा मानवला. मला ते पटत नव्हतं, पण बाळ झोपलं होतं हे खरं. म्हणून मी दुसऱ्या दिवशीही आणले. नंतर समोसे आणले, एकदा मूगवडे. प्रत्येक वेळी तेच: ती पाजायची, मी दाराशी बाळाला खांद्यावर घेऊन पहारा द्यायचो, ती खायची, बाळ ढेकर द्यायचं आणि झोपायचं. ताईच्या गालांवर रंग आला. मोठी माय आईला म्हणाली, पाय, ताट साधं केलं तर लेकरू कसं निजून राहिलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या वहीकडे पाहिलं. आम्हाला हसू आवरेना.

मग एके दिवशी कॉलेजला जाणं झालं नाही, कारण बांधीत माणूस कमी होतं आणि बाबांनी मला थांबवलं. दिवसभर धानाच्या पेंढ्या वाहून संध्याकाळी आलो तेव्हा हातात काहीच नव्हतं. ताईला मी आधीच सांगितलं. ती म्हणाली, आज रात्री जागरण दिसते. पण सवयीनं तिनं पाजल्यावर मी बाळ घेतलं आणि सवयीनंच दाराशी जाऊन उभा राहिलो, खांद्यावर बाळ, मानेमागे हात. पहारा देण्यासारखं काही नव्हतं. ताई रिकाम्या हातांनी बाजेवर बसली होती.

बाळानं ढेकर दिला. मग झोपलं.

ताईनं झोपलेल्या बाळाकडे पाहिलं, मग त्याच्या मानेमागच्या माझ्या हाताकडे. सायन्स मी शिकतो, पण हे तिला आधी कळलं. ती हळूच म्हणाली की तू याला उभा धरतोस म्हणून होते हे. दूध पिताना हवा आत जात असेल, ती वरून निघते. खाण्याचा काही संबंध नाही. समोशाचा नाही, आणि... इथे ती थांबली. मग तिचा आवाज बदलला.

"मंग माह्यं वरन कायले बंद केलं?"

मी म्हटलं, मी सकाळी मोठ्या मायला सांगतो. सकाळी मी सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सांगायचं तर बाळाला उभं धरलं हे सांगावं लागणार, आणि ते कशासाठी धरलं हेही. मी मनात वाक्यं तयार करायचो, कुंपणापर्यंत जायचो, मोठी माय म्हणायची काय रे, आणि मी म्हणायचो काही नाही, सहज. एकदा तर तिनं माझ्या हातात सूप दिलं आणि तांदूळ पाखडायला सांगितले. रात्री बाळ ठीक असायचं आणि ताट तेवढंच राहायचं, भात आणि तूप. ताईनं मला एकदाही टोकलं नाही. त्यामुळे मला आणखी वाईट वाटायचं.

धान निघून झालं त्या संध्याकाळी आईनं लाखोरीचे वडे केले. मशीन लावून मळणी झाली होती, पोती घरात आली होती, बाबांच्या केसांत अजून भुसा होता. आमच्याकडे त्या दिवशी वडे होतातच, आणि झिंग्याचा रस्सा. मोठी मायही आमच्याकडेच जेवायला होती. सगळ्यांची ताटं बाहेरच्या खोलीत मांडली. ताईचं ताट आत गेलं. नेमकं त्याच वेळी बाळ रडायला लागलं, कारण संध्याकाळच्या गडबडीत ताईनं पाजलं आणि कोणी घेतलंच नव्हतं, तसंच आडवं ठेवलं होतं. मोठी माय आत गेली, पोटाला हात लावून पाहिलं, आणि ताईच्या ताटाकडे पाहून आईला सांगितलं की आता उद्यापासून तूपही नको, तुपानंच झालं हे.

मी हातातला वडा ताटात ठेवला. आता बोलायचं तर हीच वेळ होती, आणि मी मनात पहिलं वाक्यच जुळवत बसलो. आतून ताईचा आवाज आला. शांत होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मोठी माय, म्या आलूबोंडे खाल्ले. समोसे खाल्ले. मूगवडे बी खाल्ले. ज्या दिवशी खाल्ले त्या रात्री तो निजला."

आई एकदम चुलीकडे वळून काहीतरी शोधू लागली. मोठी माय दारात आली आणि तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. आणणारा कोण, हे तिला विचारावं लागलं नाही.

मी उठलो. हात खरकटा होता, तो धुतला. आत जाऊन बाळाला उचललं आणि तिच्यासमोर खांद्यावर घेतलं. ती पुढे झाली, ओरडणारच होती.

"मान मी धरली आहे, मोठी माय," मी म्हटलं. "हे पाहा. हात पाहा माझा."

तिनं पाहिलं. मान पक्की धरली होती. मी चालत राहिलो, दारापासून पोत्यांपर्यंत आणि परत. बाळ रडत होतं. एक फेरी झाली, दुसरी झाली. मला वाटलं, आज नेमका हा मला तोंडघशी पाडतो. बाबा ताटावरून उठून उभे राहिले होते. आणि मग आला. मोठा, लांब, अगदी सावकाश. बाळ गप्प झालं आणि आजूबाजूला पाहू लागलं, जणू काही कोणी दुसऱ्यानंच दिला.

बाबा सगळ्यात आधी हसले. मग आई. मोठी माय हसली नाही. ती म्हणाली, "आण इकडं." तिनं माझ्याकडून बाळ घेतलं, माझ्यापेक्षा कितीतरी सहज, मान तळहातात धरून खांद्यावर टाकलं आणि पाठीवर हात फिरवत माझ्यासारखीच पोत्यांपर्यंत चालत गेली. तिथं पोहोचण्याआधीच बाळानं तिच्या खांद्यावर आणखी एक ढेकर दिला आणि जेवायला येताना नेसलेल्या स्वच्छ लुगड्यावर दूध टाकलं. ती थांबली, खांद्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं.

"बापावर गेला," ती म्हणाली. "जेवला की कोणाकडं पायत नाई."

ताईचा नवरा जेवताना खरंच कोणाकडे पाहत नाही. ताई इतक्या मोठ्यानं हसली की मला वाटलं तिचे बाळंतपणातले टाके उसवतात की काय... पण ती हसतच होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मोठ्या मायनं आईला सांगितलं की ते भाताचं ताट काढ आणि दुसरं वाढ. मग माझ्याकडे वळून म्हणाली की तेलकट आणायचं तर गोंदियाच्या गाडीवरचं काऊन आणलं, आम्ही घरी तळले नसते का. मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, आता उभा का राहिलास, बस जेवायले.

ताईनं बाजेवर नाही, आमच्याबरोबर बाहेर येऊन ताट घेतलं. आधी वरण मागितलं, आईनं तेवढ्यासाठी पटकन डाळ शिजायला टाकली. ते येईपर्यंत तिनं दोन वडे संपवले, मग रस्सा भातावर ओतला, मग वाटीतले झिंगे बोटांनी वेचून खाल्ले. कोणी तिला काही म्हणत नव्हतं. मोठी माय बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होती, आणि कुंपणापलीकडून कोणी विचारलं तर सांगत होती की लेकराले डकार देऊन राहिली, मानेले हात लावून घ्यायचं असते, तुमाले काय माहीत. वरण आलं तेव्हा ताईनं वाटी तोंडाला लावली आणि तशीच प्यायली. मग वाटी पुढे केली आणि म्हणाली, अजून.